आवाज शिकायचा कुणाकडून?

भारतात बोलपट आला तेव्हा आवाज शिकवणारी शाळा नव्हती. एक परदेशी माणूस होता, एक यंत्र होतं आणि त्या माणसाला द्यायचे रोजचे १०० रुपये होते. विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ मुंबईत अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत आला. १९३१ साली १०० रुपये हा पुष्कळांचा महिन्याचाही पगार नव्हता. साहजिकच इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरूचा यांनी महिनाभरात त्याच्याकडून जमेल तेवढं उचललं आणि पुढचं ध्वनिमुद्रण स्वतःच उरकलं. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. स्टुडिओ रुळांच्या शेजारी होता, गाड्या सतत धडधडत जायच्या, म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्या की सुरू व्हायचं. मायक्रोफोन नटांच्या आसपास कुठेतरी दडवून ठेवलेले असायचे.

या हकिकतीत मला नेहमी एक गोष्ट खुणावते. आपल्याकडे आवाजाचा पहिला धडा ‘काय ऐकायचं’ हा नव्हता. ‘काय ऐकू येऊ द्यायचं नाही’ हा होता. गाव झोपलं की काम सुरू. शहराचा आवाज हा शत्रू.

सतरा वर्षांनी पॅरिसमध्ये पिएर शेफेर या रेडिओत काम करणाऱ्या इंजिनिअरने बातिन्योल स्थानकावर जाऊन आगगाड्यांचेच आवाज मुद्रित केले, ते कापले, फिरवले, पुन्हा पुन्हा वाजवले आणि १९४८ मध्ये फ्रेंच रेडिओवरून ‘संगीत’ म्हणून ऐकवले. मुंबईत ज्या गाडीला टाळण्यासाठी रात्री जागवल्या गेल्या, तीच गाडी तिथे रचनेचा विषय झाली. ही तुलना मुंबईवर थोडी अन्यायाची आहे, हे खरं. इराणींना नटाचं वाक्य ऐकवायचं होतं, शेफेरला कुणाचंच वाक्य ऐकवायचं नव्हतं. पण या दोन टोकांच्या मधली वाट मराठी माणसांनी फार लवकर शोधली होती, आणि ती पॅरिसच्या आधी.

कोल्हापुरात १९२९ साली पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. तिचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. ध्वनीची बाजू सांभाळली ती विष्णुपंत दामल्यांनी. दामले पेणचे. शिक्षण बेताचं. हातात कुंचला. नाटकांचे पडदे रंगवत ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि तिथे यंत्रांत रमले. असा माणूस ध्वनिमुद्रक कसा झाला, हा प्रश्न आज पदवी विचारणाऱ्यांना पडेल. मला वाटतं, ते तितकंसं अवघड नसावं, कारण त्या काळी आवाज डोळ्यांना दिसत असे. फिल्मच्या कडेला एक अरुंद पट्टी, तिच्यावर प्रकाशाने उमटलेली रेघ. माणूस ओरडला की ती रुंद व्हायची किंवा गडद, पुटपुटला की बारीक किंवा फिकट. जुन्या मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘ध्वनिलेखन’ असा शब्द दिसतो. तो अलंकार नव्हे; आवाज खरोखरच लिहिला जात होता. पडदे रंगवणाऱ्याला रेघ वाचता येणारच.

या लेखनाची एक क्रूर अट होती. मुद्रित केलेलं लगेच ऐकता येत नसे. निगेटिव्ह प्रयोगशाळेत जाणार, धुतली जाणार, छापली जाणार, मग कळणार की नटीच्या बांगड्यांनी वाक्य खाल्लं. म्हणजे ध्वनिमुद्रकाचा कान त्या क्षणीच बरोबर असावा लागे. आजचा विद्यार्थी शंभर वेळा परत ऐकून दुरुस्ती करतो. प्रभातमधला उमेदवार दामल्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या कपाळावरची आठी बघून शिकत होता. पुढे शंकरराव दामल्यांसारखे ध्वनिमुद्रक तिथेच तयार झाले. या शिक्षणाचं पुस्तक कुणी लिहिलं नाही. गवंड्याच्या किंवा सोनाराच्या पोराने बापाकडून शिकावं, तसं ते गेलं.

कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९३७ साली तिथे ‘कुंकू’ झाला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिची दुसरी ओळख कमी जणांना आहे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी ठरवलं की प्रसंगाच्या मागून व्हायोलिनं रडवायची नाहीत. जे ऐकू येईल ते त्या घरातूनच आलं पाहिजे. भिंतीवरचं घड्याळ. ग्रामोफोन. घरातली वस्तू, घराबाहेरचा रस्ता. गाणंसुद्धा घरातल्या वस्तूंच्या साथीने. त्यामुळे म्हाताऱ्या काकासाहेबांचं घड्याळ ठोके देतं तेव्हा ते नुसती वेळ सांगत नाही, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. इम्पीरियलने जी जागा रात्रीच्या अंधारात बाहेर ठेवली होती, ती ‘कुंकू’ने दिवसाढवळ्या आत घेतली. मला हा मराठी ध्वनीच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस वाटतो, आणि त्याची तारीख आपण पाठ करत नाही.

केशवराव भोळे मूळचे अमरावतीचे. डॉक्टरकी अर्धी टाकून संगीतात आले. ‘एकलव्य’ या नावाने ते संगीतावर लिहीत. टोपणनाव म्हणून हे कुणालाही सुचेल, पण ज्या विद्येला गुरुकुलच नव्हतं तिच्या माणसाने ते घ्यावं यात औचित्य आहे. भोळ्यांनी ‘माझे संगीत’ या पुस्तकात आपल्या रचनांमागचा विचार लिहून ठेवला. चित्रपटासाठी आवाज कसा योजावा याचं प्रत्यक्ष कामातून आलेलं लेखन मराठीत फार थोडं आहे. त्या थोड्यात हे बसतं.

पुढे प्रभात बंद पडली आणि १९६० साली त्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. नंतर दूरदर्शनच्या लोकांचं प्रशिक्षणही तिथे आलं, नावात ‘टेलिव्हिजन’ जोडलं गेलं. ज्या स्टुडिओत उमेदवारी चालायची तिथे आता वर्ग भरू लागले, वेळापत्रक आलं, परीक्षा आली. आवाजाची शाळा अखेर मिळाली, तीही प्रभातच्या भिंतींत. विभागाचं नाव होतं ‘साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड इंजिनिअरिंग’, आणि प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र घेतलेलं असण्याची अट. म्हणजे शाळेच्या मते आवाज हा आधी भौतिकशास्त्राचा विषय. दामल्यांना या दारातून आत घेतलं नसतं, आणि भोळ्यांना बहुधा तेवढ्या डॉक्टरकीवर घेतलं असतं.

अट मूर्खपणाची होती असं माझं म्हणणं नाही. कंपनं, वारंवारिता, खोलीतला प्रतिध्वनी यांचं गणित आल्याशिवाय या कामात कुणी टिकत नाही. २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर घेणारे रसूल पूकुट्टी भौतिकशास्त्राचे पदवीधर आणि याच विभागाचे विद्यार्थी. पण याच विषयाची शाळा दुसरीकडे कशी उघडली ते शेजारी ठेवून पाहावं. १९४६ साली संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी शिकागो विद्यापीठाच्या कुलगुरूंना पत्र लिहून सुचवलं की ध्वनीच्या माणसांना संगीताचं, स्वरलेखन वाचण्याचं आणि भौतिकशास्त्राचं शिक्षण एकत्र द्यावं. १९४९ मध्ये जर्मनीतल्या डेटमोल्ड इथे एरिक थीनहाउस यांनी ‘टोनमाइस्टर’ घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला, तो संगीत शिकवणाऱ्या संस्थेत. तिथे वाद्य वाजवता आलंच पाहिजे. जर्मनांनी आवाज संगीताच्या घरात ठेवला, आपण विज्ञानाच्या.

पुण्यात ही फट काही शिक्षकांनी आपापल्या परीने बुजवली. भास्कर चंदावरकर तिथे अनेक वर्षं संगीत शिकवत होते. ‘घाशीराम कोतवाल’चं संगीत करणारा माणूस कॅमेऱ्याच्या आणि ध्वनीच्या विद्यार्थ्यांना ऐकायला शिकवतो, ही सोय अभ्यासक्रमाने केली नव्हती, ती नशिबाने झाली. आणि मुंबईत राजकमलमध्ये मंगेश देसाई होते. ‘शोले’सह असंख्य चित्रपटांचं पुनर्ध्वनिमुद्रण त्यांच्या हातून गेलं. संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज यांत कुणी कधी मागे सरायचं याचा निवाडा ते करत. त्यांच्या खोलीत बसायला मिळणं हीच अनेकांची पदवी.

‘इंजिनिअरिंग’चं ‘डिझाइन’ व्हायला बराच काळ गेला. हॉलिवूडमध्ये वॉल्टर मर्च यांच्या नावापुढे ‘अपॉकलिप्स नाऊ’च्या वेळी, १९७९ साली, ‘डिझाइन’ हा शब्द लागला. पुण्याच्या विभागाच्या नावात तो नंतर आला. त्याला मराठी काय म्हणायचं? मला एका अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका मराठीत करायची होती. खेळ, चित्रपट आणि प्रसारण यांसाठी ध्वनिनिर्मिती शिकवणारा अभ्यासक्रम. ‘ध्वनिसंकल्पन’, ‘ध्वनिरचना’, ‘ध्वनियोजना’ हे सगळे लिहून खोडले. अडचण शब्द नसण्याची नव्हती. तिन्ही शब्द घडवता येतात. अडचण अशी की ते शब्द कुणी बोलत नाही. स्टुडिओतला मराठी पोरगा ‘जरा बेस काढ, रूम टोन दे’ असंच म्हणतो. शेवटी मी ‘साउंड डिझाइन’ ठेवलं आणि पुढच्या पानाला लागले.

आता जबलपूरकडे येते, कारण ज्या मुलाने या विषयाची मला गोडी लावली तो तिथला, आणि माझं माहेरही तिथलं.

जबलपूर आणि मराठी यांचं नातं नोकरीपेक्षा जुनं आहे. गढा-मंडल्याचं गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेलं, शतक संपता संपता नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा प्रांत झाला तेव्हा भोळ्यांची अमरावती आणि आमचं जबलपूर एकाच राजवटीत, नागपूर राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ला प्रांत फुटला. जबलपूर मध्य प्रदेशात, नागपूर आणि अमरावती द्विभाषिक मुंबई राज्यात. रेडिओच्या लहरींना ही सीमा कळली नाही. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू होतं, आणि सीमेपलीकडच्या मराठी घरांत रात्री काटा हलवत, खरखरीतून वाट काढत नागपूरची नभोनाट्यं ऐकली जात. नभोनाट्य, श्रुतिका: पाहा, प्रसारणाने मराठीला किती सुंदर शब्द दिले, आणि ते लोकांनी वापरलेही. रेडिओच्या स्टुडिओत नारळाच्या करवंट्यांचे घोडे धावत, पत्रा हलवला की वीज कडाडे. ऐकणाऱ्याला घोडा दिसे. ध्वनिनिर्मितीचं तेही एक शिक्षण, पण घरात बसून घेतलेलं, उलट्या बाजूने.

बडा फुहारा म्हणजे जुन्या जबलपूरच्या बाजाराची बेंबी. कारंजं आहे, पण कारंज्याला भेटायला कुणी जात नाही. कपडा, बांगड्या, भांडी घ्यायला जातात. एका अंगाला लॉर्डगंज, दुसऱ्या अंगाला निवाडगंज. कमानिया गेट आणि सराफा चालत जाण्याच्या अंतरावर. दसऱ्याचा ‘चल समारोह’ या भागातून जातो तेव्हा तिथे बोललेलं शेजारच्या माणसालाही ऐकू येत नाही. १९३९ साली त्रिपुरी काँग्रेस भरली ती जबलपूरजवळच. काँग्रेसच्या सभांना त्या काळी ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिवर्धक असत. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले, त्यांचं भाषण वाचलं त्यांच्या भावाने, शरच्चंद्रांनी. माणूस एक, आवाज दुसऱ्याचा. अनुवादकाला याचं विशेष वाटत नाही.

माझा भाचा पुण्यात ध्वनी शिकतो. कुठे ते सांगत नाही. त्याला वर्गात काम मिळालं: एका व्हिडिओ खेळासाठी बाजाराचा आवाज तयार करायचा. बाकीच्यांनी तयार ध्वनिसंग्रहातून ‘भारतीय बाजार’ अशा नावाची फाइल घेतली. तो सुट्टीत घरी आला तेव्हा मीही तिथे होते. मुद्रक यंत्र, केसाळ टोपडं घातलेला माइक, कानावर हेडफोन, असा तो बड्या फुहाऱ्यावर उभा.

मी विचारलं, “एवढा मोठा बाजार एकदम रेकॉर्ड केला की झालं ना?”

“नाही गं आत्या. सिनेमात बघणारा जागेवर बसतो. खेळात तो चालतो. तो बांगडीवाल्याकडे वळला तर बांगड्या जवळ आल्या पाहिजेत, पाठ फिरवली तर दूर गेल्या पाहिजेत. एकच रेकॉर्डिंग दिलं तर दोन मिनिटांत तोच ऑटोवाला तोच हॉर्न परत मारतो, आणि खेळणाऱ्याला लगेच पत्ता लागतो.”

म्हणून बाजाराचे तुकडे करायचे. शटर वर जाण्याचे वेगवेगळे आवाज, ई-रिक्षाची गुणगुण, हातोडी, पाण्याचा शिडकावा, माणसांची बोलणी. आणि मग एफमॉड किंवा वाइजसारख्या प्रणालीत नियम लिहायचे की कोणता तुकडा केव्हा, किती अंतरावरून, किती फरकाने वाजावा. ऐकणारा पुढे काय करेल ते रचणाऱ्याला माहीत नसतं. ‘कुंकू’च्या घड्याळाचे ठोके शांतारामांनी ठरवले तिथेच पडतात, इथे ठोका कधी पडणार ते खेळणाऱ्याच्या पायांवर. दुपारी त्याला हवे होते ते आवाज बाजाराने एकमेकांत कालवून टाकले, तेव्हा तो पहाटे चारला पुन्हा गेला. सराफ्याकडचं एक दुकान उघडताना, एका कुत्र्याचं भुंकणं, झाडूचा आवाज. इराणींची वेळ.

महाराष्ट्रात हे काम आता परकं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला. गोष्ट आणि चित्रं इथली, संगीत लिनोस झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. त्यात वावगं काही नाही, सतार परक्याच्या हातात गेली म्हणून बाटत नाही. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, तिच्या विषयांत गेमिंग आहे. शाळा वाढताहेत. प्रश्न एवढाच की त्या शाळांत ऐकण्याची भाषा कोणती असेल. ‘भारतीय बाजार’ नावाच्या त्या तयार फाइलमध्ये, भाच्याने मला ऐकवली म्हणून सांगते, एक घंटा होती, एक मोटारीचा हॉर्न आणि कोणती भाषा ते न कळणारी बडबड. ती कोणत्याही गावची असू शकत होती. पण ती वापरून एक पूर्ण खेळ बनतो, आणि तो खेळ खेळलेल्या लाखभर मुलांना बाजार तसाच ऐकू येऊ लागतो.

संध्याकाळी तो फाइलींना नावं देत बसला होता. वर्गात शिकवलेली पद्धत इंग्रजी: धातू, आघात, लहान, क्रमांक दोन. भांड्याच्या दुकानातले सोळा आवाज होते आणि सोळाही ‘धातू, आघात’. पुन्हा शोधायला कसे सापडणार?

माझी आई सोफ्यावर होती. ती म्हणाली, “अरे, हे काय सगळं एकच आहे का? ही परात पडली, ठणठण. ते चमचे, खणखण. बांगड्या किणकिण करतात. आणि ते शेवटचं, ते खणखण नाही, खळखळ आहे. खुळखुळ्यात काहीतरी आहे बघ.”

तो थांबला. परत ऐकलं. शेवटचा आवाज खरोखर पितळी डब्यातल्या सुट्या झाकणांचा होता.

मराठीत हे शब्द आपण पोरखेळाचे मानतो. जपानी भाषेत अशा शब्दांचे कोश आहेत, त्यांचा अभ्यास होतो. आपल्याकडे खणखण आणि खळखळ यांतला फरक व्याकरणाच्या पुस्तकात ‘अनुकरणवाचक’ या एका ओळीत संपतो. वस्तुतः त्या शब्दांत पदार्थ, आकार, पोकळी आणि पुनरावृत्ती यांची नोंद आहे. ठणठण म्हणजे मोठं, उघडं, एकटं. किणकिण म्हणजे बारीक आणि पुष्कळ. कलकलाट पक्ष्यांचा किंवा मुलांचा, गलका माणसांचा, गोंगाट कुणाचाही पण नकोसा. ‘गलबला’ अजून अर्थ लागायचा आहे असा. ही वर्गवारी करायला कुणी स्पेक्ट्रम पाहिला नव्हता.

भाच्याने ते सोळा आवाज पुन्हा लावले. काही नावं मराठी, काही हिंदी, कारण जबलपूरच्या घरात ‘छन’ आणि ‘टन’ही ऐकून माहीत असतात आणि आईला त्यातला एक आवाज मराठीत सापडेना. तिने दोनदा डोळे मिटून ऐकला, मग म्हणाली, “हा ‘टनाटन’च आहे. हिंदीच लिही.” त्याने तसं लिहिलं, पुढे ०१ घातला, आणि पुढची फाइल लावली.